आधी कोयता

इप्याना, कोयता कुठं ठेवलाय ते आधी बघून घे.
सीटच्या मागं, गोणपाटात.
पाना नंतर, जॅक नंतर.
गाडी बंद पडली की पहिल्यांदा
कोयता घेऊन झाडीकडं पळायचं.

आता हा किटोंगाचा घाट.
झांबियाहून निघालेलं तीस टन तांबं
पाठीशी ढकलत असतं उतारभर,
त्याला बंदर गाठायची आपल्याहून जास्त घाई.
जळक्या केसांचा वास आला तर मला हाक मार,
मी गात असलो तरी.

ती पांढरी मोटार दिसली आरशात?
आता बघ.
नाही ना?
गेली नाही कुठं. आपल्या कुशीला लागून आहे,
आपल्याला दिसतच नाही अशा जागी.
पाच माणसं असतील, टपावर गादी बांधलेली.
त्यांना वाटतं, एवढा थोरला ट्रक आपल्याला दिसतोय
म्हणजे आपणही त्याला दिसत असू.

दिव्यांची बोली कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.
उजवा लुकलुकला : थांब, समोरून कोणीतरी येतंय.
डावा : ये, रस्ता मोकळा आहे.
डावा देताना हात जड व्हायला हवा.
वळणावर मी काहीच देत नाही.
'मला माहीत नाही' असं सांगणारा दिवा
अजून कुणी बसवलेला नाही.

आणि फांद्या.
बंद ट्रकच्या मागं तीस पावलांवर एक,
साठांवर दोन,
वळण असेल तर वळणाच्याही अलीकडं, भरपूर,
भारा टाकल्यासारख्या.
लोखंडी त्रिकोण चोरीला जातो,
पाला कोण चोरणार?

माझा थोरला भाऊ, ग्वामाका, रात्रीची बस चालवायचा.
इथून खाली, गोरखचिंचा सुरू होतात तिथं
कुणाच्या तरी फांद्या पडून होत्या.
ट्रक कधीच दुरुस्त होऊन निघून गेला होता,
पोराला उचलायचा कंटाळा आला असेल,
किंवा मालकानं हॉर्न वाजवला असेल.
पहिल्या रात्री ग्वामाकानं बस हळू केली.
दुसऱ्या रात्री नुसता वळसा.
मग वळसाही सुटला.
चाकाखाली पाला कुरकुरायचा, प्रवासी झोपलेले असायचे.
तीन आठवडे.

मग त्याच जागी एक खराच ट्रक उभा राहिला.
त्याच्या पोरानं काही चुकवलं नव्हतं बरं.
पावलं मोजून ताज्या फांद्या टाकल्या होत्या,
त्या जुन्यांवरच.

हेडलाइटमध्ये ओलं आणि वाळकं
एकाच रंगाचं दिसतं, इप्याना.

आईनं मला एवढंच विचारलं,
रस्त्यावर पानं नव्हती का रे?
होती, म्हटलं.
आधीपासूनच होती.

त्या पोराला मी पुढं एकदा भेटलो,
माकांबाकोला, चहाच्या टपरीवर.
तोच म्हणाला, मी टाकल्या होत्या हो.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून
आम्ही बराच वेळ भांडलो.

ते बघ.
डाव्या कडेला, पांढऱ्या दगडापाशी.
वाळून कोळ झालेल्या, चार-पाच, अर्ध्या रस्त्यात.
पुढं ट्रक नाही, तेलाचा डागही जुना.
थांबायचं आहे आपल्याला.
इथं नाही, पुढं रुंद जागा आहे तिथं,
चाकांना दगड लावून.
मागं चालत जा, कठड्याच्या आतून,
सगळ्या उचल, बारीक काटक्यासुद्धा,
आणि दरीत फेक.
मागच्या मोटारी हॉर्न देतील.
देऊ देत. त्यांना काय माहीत
कोणती बातमी खोडतोयस तू.

उतर.
फक्त आरशात दिसशील असा चाल.